थेंबाचा माग

बाबांच्या वर्षाच्या विधीला दहा दिवस राहिले असताना फ्रेमाआत्याचा फोन आला. खुशाली वगैरे न विचारता ती म्हणाली, "सेरवा, तुझी ती गळकी शेळी अजून दारातच बांधलीय का?"

"आहे."

"आणि अजून मुततेय?"

मी गप्प राहिले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्याशी बोलताना गप्प बसणं हेच उत्तर धरलं जातं.

"मग ऐक. विधीच्या शनिवारी गाडी गावाला, जामासीला घेऊन ये. ढकलत नाही, टेम्पोवर चढवून नाही, तिच्या स्वतःच्या चाकांवर. मी मागे बसेन. दारं बंद, काचा वर. चर्चपासून कबरीपर्यंत आणि परत. मला पेट्रोलचा वास आला नाही तर गाडी तुझी. आला तर सोमवारी बोन्सू ती सुआमेला नेऊन कापायला देईल. दिला शब्द."

आमच्यात बापाच्या मागे जे उरतं ते त्याच्या बहिणीच्या मुलांकडे जातं. कायदा आता वेगळं सांगतो, पण आत्या कायदा वाचत नाही. गाडी रीतीने बोन्सूची, म्हणजे माझ्या आतेभावाची. बोन्सूला ती नको होती. त्याला दोन चाकांवर, हवा खात फिरायला आवडतं. तो कुणाच्या वाईटावर नव्हता. फक्त ती गाडी बघितली की तो नाक धरायचा.

त्यालाही कारण होतं. बाबांच्या चाळिसाव्या दिवशी मी ती गाडी पहिल्यांदा एकटीने गावाला नेली. आत्या आणि तिच्या तीन मैत्रिणी मागे बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर शेंगदाण्याच्या रश्शाचं पातेलं होतं. जामासीला पोहोचेपर्यंत चौघींची काळी-लाल लुगडी, डोक्याचे रुमाल आणि रस्सा, सगळ्याला पेट्रोलचा वास लागला. पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि ताटं अलगद बाजूला सरकवली. एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "रस्सा पंपावरून आणला का?" वर्ष झालं, गाव अजून तेच विचारतं.

बाबांनी बावीस वर्षं ती गाडी कुमासी ते एजुरा रस्त्यावर चालवली. लांबडी, तीन रांगांची, सात माणसांची भाड्याची गाडी. सातांची नऊ व्हायची, कधी एखादी बकरीही असायची. पण वासाची तक्रार कधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. ते गेले, किल्ली माझ्याकडे आली, आणि पाच आठवड्यांत गाडी गळायला लागली. मी शाळेत इतिहास शिकवते. कार्यकारण एवढं सरळ असतं यावर माझा विश्वास नाही. तरी रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, मीच काहीतरी केलं असणार. काय केलं, ते मात्र सापडत नव्हतं.

आई मी लहान असतानाच गेली. भावंडं नाहीत. बाबांचे कपडे आत्याने रीतीप्रमाणे वाटून टाकले, रेडिओ एका चुलत्याने नेला. गाडी राहिली होती.

शाळेतून रजा मिळाली ती विधीच्या आठवड्यातल्या बुधवारपासून. बुधवारी सकाळी मी सुआमेला, कुमासीतल्या गॅरेजांच्या वस्तीत गेले.

सुआमेत गाडीचा डॉक्टर मिळत नाही. मिळतात ते अवयवांचे डॉक्टर. एक जण फक्त ब्रेक बघतो, एक फक्त सायलेन्सर, एक फक्त सीटची कव्हरं शिवतो. माझ्या दुखण्याला कोण, हे विचारत विचारत मी अग्येकुम मास्तरपर्यंत आले. त्याच्या टपरीवर पाटी होती: 'टाकी. फक्त टाकी.' साठीचा माणूस, पोट मोठं, पण गाडीखाली असा सरकला की जणू पत्र पेटीत पडलं.

"मॅडम," खालून आवाज आला, "पुढच्या कोपऱ्यात ओल आहे. पाइप जिथे टाकीला जोडलाय तिथे. टाकीचा सांधा गेलाय."

"टाकी काढावी लागेल?"

"काढायला जाऊ तर बोल्ट तुटतील, गंजून एकजीव झालेत. इथूनच लुकण भरतो. दगड होतो त्याचा."

त्याने टाकीतलं पेट्रोल पिवळ्या डब्यांत उतरवून घेतलं, कोपरा घासला, लुकण भरलं, ते वाळेपर्यंत दोन वेळा जेवला. मग डब्यातलं एक गॅलन परत टाकीत ओतलं आणि खाली पुठ्ठा सरकवला. आम्ही दोघं त्या पुठ्ठ्याकडे तासभर बघत बसलो. कोरडा.

"झालं," तो म्हणाला. "आता तुमची आत्या टाकीवर गाल ठेवून झोपली तरी चालेल."

त्याने उरलेले डबे माझ्या मागच्या रांगेत ठेवले. बंद गाडीत पेट्रोलचे डबे घेऊन फिरायचं मला पटेना. मी ते त्यालाच ठेवून घे म्हटलं. तो नको नको म्हणाला आणि ठेवून घेतले. जाताना चौकातल्या पंपावर थांबून मी टाकी भरून घेतली, शनिवारची दगदग नको म्हणून.

गुरुवारी सकाळी दारातल्या फरशीवर भाकरीएवढा ओला डाग होता.

"अशक्य," अग्येकुम मास्तर म्हणाला. पुन्हा आत सरकला, बोट फिरवून बाहेर आला. बोट कोरडं होतं. "बघा. माझ्या दारात थेंब नाही. तुमच्या दारात आहे. मग दोष टाकीचा की दाराचा?"

"मास्तर, डाग मी डोळ्यांनी बघितला."

"बघितला असेल हो. पण मग तो पाइपाचा. पाइप माझा प्रांत नाही. तावीयाकडे जा, तिसरी टपरी. त्याला सांगू नका मी पाठवलं."

तावीया मास्तरला सांगायची गरज पडली नाही. त्याने लुकण बघितलं आणि म्हणाला, "अग्येकुमचं काम. जिथे ओलं दिसेल तिथे लिंपायचं. छप्पर गळलं तर हा जमीन लिंपेल." त्याने पेट्रोल उतरवलं, रबरी नळी बदलली, दोन नवे पट्टे आवळले, एक गॅलन ओतलं, पुठ्ठा सरकवला. कोरडा. मी निघाले, पंपावर थांबले, टाकी भरली, घरी गेले.

त्या संध्याकाळी मी शहाणपणाची एकच गोष्ट केली. गाडीखाली चिनी मातीचं मोठं ताट ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ताटात जे जमलं होतं ते मी फनेलने बाटलीत भरलं. पाऊण बाटली. झाकण घट्ट लावून, बाटली गाडीच्या टपावर कापडाने बांधून सुआमेला गेले आणि ती दोन्ही मास्तरांच्या मधे बाकावर ठेवली.

"हे काय?" तावीया म्हणाला.

"पुरावा."

दोघांनी बाटलीचा वास घेतला. मग दोघे एकदमच बोलू लागले, पण माझ्याशी नाही.

"नळी नवी आहे माझी. लग्नाला निघालेल्या पोरीसारखी नवी."

"नवी असेल. पट्टा कुणी आवळला? तुझ्या मनगटात आता पूर्वीची ताकद कुठाय?"

"ताकद मोजायचीय? ये, हात टेक बाकावर."

त्यांनी खरंच हात टेकले असते. तेवढ्यात समोरच्या टपरीतून इसाका मास्तर आला. हा कार्ब्युरेटरवाला, तामालेकडचा. उंच, वाळका, आणि या दोघांच्या भांडणाला तो रोज चहासारखा येतो हे त्याच्या चालीवरूनच कळत होतं. तावीया म्हणाला, "तूच बघ बाबा, कदाचित पुढूनच उतू जात असेल." इसाकाने बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं.

"दुखतंय ढुंगणात आणि तुम्ही मला दात दाखवताय," तो म्हणाला.

मा अब्राफी खो खो हसली. आंब्याच्या झाडाखाली तिची तळलेल्या रताळ्यांची कढई असते. तिघे मास्तर तिच्याकडेच जेवतात आणि तिच्याकडूनच बोलणी खातात. जाडजूड बाई, गळ्याला आणि छातीला पांढरी पावडर थापलेली, उन्हात घामाने तिच्यावर रेघा उमटलेल्या. मला म्हणाली, "पोरी, खाऊन घे. हे तिघं एकमेकांना पटवेपर्यंत तू माझ्या वयाची होशील."

मी खायला बसले. फोन वाजला. बोन्सू होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नकोस, फक्त विचारतोय. कापणारा म्हणतो सोमवारी सकाळी येऊ की दुपारी?"

"उद्या सांगते."

"सकाळी ऊन कमी असतं."

"बोन्सू, उद्या सांगते."

फोन ठेवला आणि हातातलं रताळं तसंच राहिलं. गाडी समोर उभी होती. तिच्या खाली पुठ्ठा, पुठ्ठा कोरडा. काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत पाऊण बाटली, आणि आता तीन तास झाले, एक थेंब नाही. मुलांना मी शिकवते की साक्षीदार खोटं बोलत नसेल आणि पुरावाही खरा असेल, तर प्रश्न चुकीच्या वेळेचा असतो. वर्गात हे बोलायला सोपं जातं.

"मास्तर," मी म्हटलं, "तुम्ही काम झाल्यावर तपासता तेव्हा टाकीत किती असतं?"

"एक गॅलन," अग्येकुम म्हणाला.

"नेहमी?"

"मग काय, भरायची? मंत्र्याची गाडी आहे का?"

"आणि मी आणते तेव्हा किती असतं?"

"ते तुम्हालाच माहीत. उपसताना डबे पुरले नाहीत एवढं खरं."

"मी भरते," मी म्हटलं. "पूर्ण. पंपवाल्याची नळी खट् करून आपोआप बंद होते ना, तिथपर्यंत."

मा अब्राफीचा झारा तेवढा कढईत वाजला. मग इसाका हळूच म्हणाला, "त्या नळीला खट् वाजतं?"

तिघे इतके हसले की शेजारच्या टपरीतला वेल्डर चष्मा वर करून बघू लागला. अग्येकुमने डोळे पुसले. "चाळीस वर्षं टाक्या करतोय मॅडम. सुआमेत भरलेली टाकी घेऊन कुणी आलेलं नाही. इथे माणूस गॅलनने घेतो, दिवसाचं दिवसाला. आम्ही तपासायचं तरी कशावर? गॅलनवर. तुमच्या वडिलांची गाडी ना ही? ते भरायचे?"

मी सांगणार होते की माहीत नाही. पण मला माहीत होतं. शाळेला सुट्टी असली की मी बाबांच्या शेजारी पुढे बसून एजुरापर्यंत जायची. पेट्रोलचा काटा कायम मधल्या रेघेच्या डावीकडे असायचा. इतका कायम, की मला वाटायचं तो तिथे रंगवलेलाच आहे.

"नाही," मी म्हटलं. "अर्ध्याच्या वर कधीच नाही."

अग्येकुम मास्तर उठला. "चला, मग आज मंत्र्याची टाकी भरू."

त्याने माझे बुधवारचे डबे टपरीतून बाहेर काढले. त्यातला एक बराच हलका झाला होता. वेल्डरला त्याने ओरडून सांगितलं, "अर्धा तास बूड टेकून बस. ठिणगी उडाली तर तुझी बायको माझ्याकडे जेवायला येईल." पेट्रोल ओतायच्या आधी टाकीची खालची आणि बाजूची पत्र्याची अंगं चिंध्यांनी पुसून कोरडी केली. पण इतक्या वर्षांच्या काळ्या मळक्या पत्र्यावर ओलं काय आणि कोरडं काय, कळेना.

"पीठ मारा," तावीया म्हणाला. "पांढऱ्यावर दिसेल."

"पिठाचा लगदा होईल."

तिघांची नजर हळूहळू आंब्याच्या झाडाकडे वळली. मा अब्राफीने छातीवर हात ठेवला. "नाही हं."

"मा, एकच डबी."

"मेल्यांनो, माझ्या जावयाने आणलीय. वास बघ तिचा. गाडीच्या ढुंगणाला लावायला आणलीय का?"

"टाकी बाईसारखी दिसेल," इसाका म्हणाला. "अग्येकुम तिच्या प्रेमात पडेल."

ती पावडर घेऊन आली, पण डबी त्यांच्या हातात दिली नाही. माझ्या काळ्या झग्याकडे बघितलं. "तुझं वर्ष कधी संपतं गं?"

"उद्या."

"म्हणजे काळं सुटलं, उद्या पांढरं नेसशील. गळ्याला पावडर लागेल तुलाही." तिने डबी माझ्या हातात ठेवली. "तूच लाव. थोडी ठेव उद्यासाठी."

मी पोतं अंथरून गाडीखाली गेले. बावीस वर्षांत या गाडीला मी खालून कधी पाहिलं नव्हतं. चिखलाचे थर, लटकणारी तार, आणि डोक्यावर ती मोठी चपटी टाकी, पोलादी पट्ट्यांनी बांधलेली. पावडर तळहातावर घेऊन फुंकली, मग बोटांनी पसरली. टाकी पांढरी झाली आणि मी शिंकले. बाहेरून डबे ओतल्याचा आवाज येत होता. आधी पोकळ, मग भरीव, मग बारीक होत थांबलेला. माझ्या एका बाजूला अग्येकुम सरकला, दुसऱ्या बाजूला तावीया. इसाकाला जागा उरली नाही. तो बाहेरून आमच्या पायांशी बोलत राहिला.

"दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"इसाका, गप बस."

पाच मिनिटं झाली असतील. मग टाकीच्या उजव्या बगलेत, अगदी वर, जिथून पत्रा गाडीच्या पोटाखाली दिसेनासा होतो तिथून, एक बारीक करडी रेघ पावडरीतून खाली आली. घाई नव्हती तिला. पट्ट्यापाशी आली, थांबली, पट्ट्याच्या कडेने वळली, पट्टा धरून आडवी पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली, अग्येकुमच्या लुकणावरून, तावीयाच्या नव्या नळीवर उतरली, आणि तिथे थेंब होऊन लोंबली.

तो थेंब पोत्यावर पडला, आणि आमच्या तिघांच्या नजरा रेघेवरून परत वर गेल्या.

"काय झालं? मेलात का?" इसाका म्हणाला.

"ये, बघ," तावीया म्हणाला आणि त्याला जागा द्यायला बाहेर गेला. इसाका आडवा झाला, त्याने बोटाने रेघेचा रस्ता हवेत गिरवला. "अरे देवा. खाली अक्राला जायचं आणि वर तामालेवरून. ही रेघ आमच्याकडची बस चालवत होती का?"

अग्येकुमने मात्र हात वर घातला, मनगटापर्यंत, पत्रा आणि गाडीचं पोट यांच्या फटीत. बोटं ओली होऊन आली. "खांद्यावर आहे," तो म्हणाला. "पाऊण टाकीच्या वर. मॅडम, मी माती खाल्ली. बोल्ट तोडावे लागणार."

पेट्रोल पुन्हा उपसलं. बोल्ट तुटले, चारही, त्याने आधीच सांगितल्याप्रमाणे. तिघांनी टाकी उचलून झाडाखाली आणली आणि सावलीत उलटीसुलटी करून ठेवली. वरचं अंग जाड मातीने झाकलेलं होतं. अग्येकुमने ब्रशने माती झाडली तेव्हा भरायच्या तोंडाजवळ, खांद्यावर, एक फुगीर काळपट गोळा दिसला. अंड्याएवढा, पत्र्यावर चापून बसवलेला. त्याने नखाने ओरखडला. आतून पिवळा निघाला.

"साबण," तो म्हणाला. "कपड्यांचा साबण. पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण वाळला की कडेने सुटतो. माझ्या बापानेही हेच शिकवलं मला, पहिल्या दिवशी. कुणी लावलाय?"

"टाकी उतरवलेलीच नाही कधी," तावीया म्हणाला. "बोल्ट कारखान्यातले होते. चाकाच्या खोबणीतून हात घालून लावलाय. न बघता. लांब हाताचा माणूस."

मी खाली वाकून बघितलं. साबणाच्या वरच्या अंगावर अंगठ्याचा ठसा होता, खोल दाबलेला. ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. बॉनेट पडून बाबांच्या उजव्या अंगठ्याला चिरा गेला होता, मी चौथीत असताना. तो भरला, पण रेघ राहिली. निवडणुकीत शाईत अंगठा बुडवला की ती रेघ पांढरी राहायची आणि ते मला दाखवायचे.

"बाबांचा आहे," मी म्हटलं.

अग्येकुम मास्तर उकिडवा बसला. साबणाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "त्यांना माहीत होतं तर. साबण लावला आणि अर्ध्याच्या वर कधी गेलेच नाहीत. बरोबर केलं. पेट्रोलच्या वर असलेलं भोक म्हणजे भोक नव्हे मॅडम, खिडकी. तुम्ही खिडकीपर्यंत पाणी चढवलंत."

"म्हणजे मी काही मोडलं नाही."

"तुम्ही? तुम्ही फक्त श्रीमंतासारखं वागलात."

हसू आलं मला, आणि मग मी आंब्याच्या खोडाकडे तोंड फिरवलं. मा अब्राफी आली, तिने हातात पाण्याची पिशवी दिली. मी कोपरा दाताने फोडून पाणी प्याले.

"झाळायचं तर हा काढावा लागेल," अग्येकुम म्हणाला. आवाज त्याने उगाचच खाली घेतला होता. "तुम्ही म्हणालात तर पुढच्या वेळेपर्यंत ठेवू. अर्ध्यावर चालवा. तुमच्या वडिलांसारखं."

मी विचार केला. खरोखर केला. अर्ध्या टाकीवर जामासी सहज होतं. आत्याला वास आला नसता. गाडी माझी झाली असती, ठशासकट.

"नको," मी म्हटलं. "काढा. नीट करा."

"नक्की?"

"त्यांच्याकडे वेळ असता तर त्यांनीही काढलाच असता."

हे खरं होतं की नाही ठाऊक नाही. पण अग्येकुमला पटलं. त्याने पातळ पात्याने साबण कडेकडेने सोडवला, एकसंध, आणि बाजूला दगडावर ठेवला. खाली भोक होतं, सुईच्या टोकाएवढं, गंजाच्या तपकिरी वर्तुळात. एवढ्याशा जागेसाठी तीन दिवस गेले होते. मग टाकी पाण्याने काठोकाठ भरली, फक्त तेवढाच खांदा वर उघडा ठेवला, म्हणजे आत वाफ उरून भडका उडायला नको. वेल्डर उठायला निघाला तर त्याला पुन्हा बसवलं. भट्टीत तांब्याची कांब लाल केली, गंज घासून पत्रा चकचकीत केला, आणि अग्येकुमने एका दमात डाग दिला. नाण्याएवढा गोल, पाण्यासारखा सपाट. त्या वेळी त्याचं पोट, त्याच्या बढाया, काहीच दिसलं नाही, फक्त हात दिसले.

काम झालं तसा तो गंजाने आणि तेलाने माखलेले हात घेऊन पाण्याच्या पिंपाकडे गेला. सवयीने त्याने दगडावरचा साबण उचलला, हात भिजवले, आणि चोळायच्या बेतात थांबला.

"माफ करा," तो म्हणाला आणि साबण माझ्यापुढे धरला.

साबण ओला झाला होता. ठशाच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या.

"धुवा," मी म्हटलं. "साबणच आहे."

त्याने हात धुतले. चांगला फेस आला. मग तावीयाने धुतले, मग इसाकाने, ज्याने दिवसभर कशालाच हात लावला नव्हता. शेवटी मी धुतले. माझ्या हातावर अजून पावडर आणि काळी माती होती.

दिवस मावळायच्या आत टाकी जागेवर बसली, नव्या बोल्टांनी. डबे पुन्हा ओतले, कमी पडलं ते पंपावर भरलं, आणि या वेळी खट् ऐकायला तिघे मास्तर माझ्याबरोबर पंपावर आले. ताट रात्रभर खाली ठेवलं होतं. सकाळी त्यात एक मेलेला कीटक होता आणि दुसरं काही नाही.

शनिवारी मी पांढरं नेसले आणि जामासीला गेले. प्रार्थना झाली. आत्या बाहेर आली, पांढऱ्या लुगड्यात, हातात काठी, आणि थेट गाडीच्या मागच्या दारापाशी उभी राहिली. अर्धं गाव बघत होतं. बोन्सू पुढे बसला.

"काचा वर," आत्या म्हणाली.

आम्ही कबरीकडे निघालो. उन्हाने गाडी तव्यासारखी तापली होती. आरशात मला आत्या दिसत होती. सीटवर नाक टेकवून वास घेत होती, मग दाराचा, मग वाकून पायाखालच्या चटईचा. चढावर तिने गाडी थांबवायला लावली, मागे घ्यायला लावली, पुन्हा चढायला लावली. टाकी डुचमळली पाहिजे म्हणून. कबरीपाशी आम्ही उतरलो, फुलं ठेवली, थोडा वेळ उभे राहिलो. बाबांशी जे बोलायचं होतं ते मी मनात बोलले. परत येताना ती पुन्हा वास घेत होती, पण आता सावकाश.

अंगणात गाडी थांबली. आत्या उतरली नाही.

"बोन्सू," ती म्हणाली, "तुला कसला वास येतो?"

बोन्सूच्या कपाळावरून घाम वाहत होता. "खरं सांगू?"

"सांग."

"डांबरगोळ्यांचा. तुझ्या लुगड्याचा."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने काच खाली करून त्या दिशेला एकदा बघितलं आणि हसणं थांबलं. बोन्सूने रुमालाने मान पुसली, डॅशबोर्डवरून हात फिरवला, आणि विचार करत म्हणाला, "तसं बघितलं तर आता वास नाही, तर कापायची कशाला? पावसाळ्यात मला..."

"तू कापणाऱ्याला सकाळची वेळ दिली होतीस," आत्या म्हणाली. "त्याला सांग, घरीच बस. मी शब्द दिलाय. गाडी सेरवाची."

मी आरशात तिच्याकडे बघितलं. आभार मानायला तोंड उघडलं.

"आता तोंड मिटून ऐक," ती मला म्हणाली. "पुढच्या शनिवारी मामपोंगला अंत्यविधी आहे, माझ्या मैत्रिणीचा दीर. आम्ही सहा जणी. पाचला निघायचं. त्याच्या पुढच्या शनिवारी एजुरा, तिथे दोन आहेत, एक सकाळी, एक दुपारी. महिन्याच्या शेवटी कोन्गो गावाला वर्षाचा विधी आहे, ते लांब आहे, आदल्या दिवशी ये."

"आत्या, मला वह्या तपासायच्या असतात शनिवारी."

"गाडी उभी असली की तपास. आम्ही रडत असतो तेव्हा तुला काय काम असतं?"

रश्शाच्या पातेल्यावाल्या तिच्या मैत्रिणी एव्हाना गाडीभोवती जमल्या होत्या. कोण कुठे बसणार यावर त्यांची बोलणी सुरू झाली होती. मी मोजलं. "मधे तिघी, मागे तिघी," मी म्हटलं. "बसाल तुम्ही. पुढची एक सीट उरते. ती सामानाला."

आत्याने काठी टेकून गाडीतून पाय खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि बोन्सूच्या दारापाशी येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती त्याला म्हणाली. "पुढे मी बसणार. मागे फार गरम होतं."